‘एसवाय’ सत्तरवर गेला की आधी काय बघायचं

लासलगावला सकाळी कांद्याचे लिलाव सुरू झाले की बाजारभाव दाखवणाऱ्या साइटवर एकदम गर्दी उसळते. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, म्हणजे नाशिक-त्र्यंबकच्या लॉज, धर्मशाळा आणि गाड्यांच्या बुकिंग साइटवर पर्वणीच्या आसपास याहून मोठा लोंढा येणार. अशा गर्दीत सर्व्हर दमण्याचा एक प्रकार चकवा देणारा असतो. पेज उघडायला वेळ लागतो, लोड ॲव्हरेज चाळीसच्या वर गेलेला असतो, आणि प्रोसेसर कुठे खर्च होतोय ते दाखवणाऱ्या ‘टॉप’ कमांडमध्ये ‘यूएस’ (आपल्या प्रोग्रॅमचा वाटा) १५ टक्के तर ‘एसवाय’ (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा वाटा) ७० टक्के दिसतो. पीएचपीचा कोड सुधारायला बसावं तर प्रोसेसर तिथे नाहीच, तो कर्नलमध्ये अडकलाय.

इथे पुष्कळ जण कुठूनतरी ‘सिसकंट्रोल’च्या (कर्नलच्या सेटिंगच्या) तीस ओळी उचलतात आणि चिकटवून मोकळे होतात. त्यातल्या निम्म्या ओळी जुन्या कर्नलसाठीच्या असतात आणि दोन-तीन तर थेट घातक. कर्नल आपणहून फारसं काही करत नाही. कुणीतरी सिस्टीम कॉल करतं (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो), नेटवर्क कार्ड इंटरप्ट देतं (पॅकेट आल्याची हाक मारतं) किंवा मेमरी कमी पडते, तेव्हा तो कामाला लागतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: हे काम त्याला सांगतंय कोण? (कमांड आणि फाइलची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप नेहमीसारखीच करायची.)

सुरुवात ‘एमपीस्टॅट -पी ऑल १’ने करा, पी कॅपिटल. ‘टॉप’ सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो आणि सरासरीत खरा प्रकार लपतो. आठ कोअरच्या मशीनवर सरासरी १२ टक्के दिसत असताना एकच कोअर शंभर टक्के तापलेला असू शकतो. इथे तीन खाने वेगळे वाचायचे. ‘सिस’ म्हणजे प्रोसेसनी मागितलेलं कर्नलचं काम. ‘सॉफ्ट’ म्हणजे सॉफ्टइंटरप्ट, वेब सर्व्हरवर तो बहुधा येणाऱ्या पॅकेटचाच असतो. ‘स्टील’ म्हणजे तुमच्या व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा वेळ होस्टने दुसऱ्याला दिला. स्टील सतत दोन आकडी राहत असेल तर पुढचं काही करू नका, होस्टिंगवाल्याला फोन करा किंवा मशीन बदला. शेजाऱ्याचा त्रास तुमच्या मशीनवरच्या सेटिंगने कमी होणार नाही.

किती ‘एसवाय’ ठीक मानायचा याला एकच आकडा नाही. नुसते फोटो आणि व्हिडिओ वाटणाऱ्या एनजिनएक्सवर ‘एसवाय’ ‘यूएस’पेक्षा जास्त असणं साहजिक आहे, कारण फाइल वाचून सॉकेटवर टाकणं हे कर्नलचंच काम. पीएचपीच्या साइटवर मात्र ‘एसवाय’ ‘यूएस’च्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर आम्ही लक्ष देत नाही, बरोबरीला आला की शोधायला लागतो.

पुढची पायरी ‘परफ’, म्हणजे प्रोसेसर कुठल्या फंक्शनमध्ये वेळ घालवतोय ते नमुने घेऊन दाखवणारा प्रोग्रॅम. उबुंटूवर तो ‘लिनक्स-टूल्स’च्या पॅकेजमधून येतो आणि चालू कर्नलच्या आवृत्तीशी जुळावा लागतो. रेड हॅटच्या घराण्यात पॅकेजचं नाव नुसतं ‘परफ’. हे गर्दीच्या आधी टाकून ठेवा, सर्व्हर गुदमरलेला असताना पॅकेज उतरवायची वेळ येऊ देऊ नका. त्रास चालू असतानाच रूट म्हणून ‘परफ रेकॉर्ड -एफ ९९ -ए -जी -- स्लीप ३०’ चालवा, एफ कॅपिटल. ९९ अशासाठी की शंभरच्या ठोक्यावर चालणाऱ्या टायमरशी नमुन्यांची गाठ पडू नये. मग ‘परफ रिपोर्ट’. फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्साडेसिमल पत्ते दिसले तर ‘कर्नल डॉट केपीटीआर रिस्ट्रिक्ट’ तेवढ्यापुरता शून्य करा.

व्हर्च्युअल मशीनवर इथे एक सापळा आहे. होस्टने हार्डवेअर काउंटर दिले नसतील तर परफ गुपचूप ‘सीपीयू-क्लॉक’वर उतरतो. हा टायमर इंटरप्टवर चालतो. कर्नलच्या ज्या भागात इंटरप्ट बंद असतात तिथला वेळ त्याला दिसत नाही, तो सगळा इंटरप्ट पुन्हा चालू होतात त्या जागी मोजला जातो. त्यामुळे यादीच्या डोक्यावर ‘रॉ स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोअर’ किंवा ‘फिनिश टास्क स्विच’ बसलेलं दिसतं आणि माणूस लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) मागे लागतो. अशा वेळी वरच्या नावाला फार किंमत देऊ नका. कॉलची साखळी उलगडा आणि तो तिथे कुठल्या सिस्टीम कॉलमधून पोचला ते बघा. याउलट ‘नेटिव्ह क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ’ वर आला तर लॉकसाठी खरोखर रांग लागलेली आहे. पण कुठल्या लॉकसाठी, हे तिथेही साखळीच सांगते.

पीएचपीच्या साइटवर साखळी बहुतेक वेळा फाइल शोधण्याकडे जाते. ‘लुकअप फास्ट’, ‘लिंक पाथ वॉक’, ‘गेटनेम’ अशी नावं दिसली की एका पीएचपी-एफपीएम वर्करवर (पीएचपीच्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या एका प्रोसेसवर) दहा सेकंद ‘एसट्रेस -सी -एफ -पी’ आणि पुढे त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), असं चालवा. एकाच वर्करवर आणि दहाच सेकंद, कारण सिस्टीम कॉल मोजणारा एसट्रेस प्रत्येक कॉलला प्रोसेस थांबवतो. अख्ख्या पूलला लावलात तर साइट तुम्हीच पाडाल. हाती आलेल्या तक्त्यात वेळेच्या खान्यापेक्षा ‘कॉल्स’ आणि ‘एरर्स’ बघा. ‘एलस्टॅट’ किंवा ‘ॲक्सेस’ हे फाइलीची चौकशी करणारे कॉल हजारांनी आणि त्यात चुकांचा आकडा मोठा असेल, तर कोड नसलेल्या फाइली शोधत फिरतोय.

हिशेब करून पाहा. समजा साइटचा कोड सात-आठ फोल्डर खोल आहे आणि फ्रेमवर्क एका रिक्वेस्टमध्ये ३०० फाइली ओढतं. पीएचपी पूर्ण पाथ पक्का करताना त्यातल्या प्रत्येक पायरीवर एक एलस्टॅट करतो. आठ पायऱ्या धरल्या तर एका रिक्वेस्टला २४०० कॉल. सेकंदाला २०० रिक्वेस्ट आल्या तर ४ लाख ८० हजार. एकेक कॉल स्वस्त असतो, पण इतक्यांनी प्रोसेसर खाल्ला तर नवल नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर आलेल्या पॅचपासून जुन्या इंटेल प्रोसेसरवर प्रत्येक सिस्टीम कॉल आणखी महागला आहे. त्यामुळे २०१७ मध्ये जो कोड खपून जायचा तोच कर्नल अपडेटनंतर ‘एसवाय’ वाढवायला लागला.

हे टाळण्यासाठी पीएचपीकडे ‘रिअलपाथ कॅशे’ आहे, तो पक्के केलेले पाथ लक्षात ठेवतो. पण ‘ओपन बेसडिर’ (साइटला ठरावीक फोल्डरबाहेर जाऊ न देणारं सेटिंग) लावलं की तो कॅशे बंद पडतो, आणि बरीच होस्टिंग पॅनेल प्रत्येक साइटला ओपन बेसडिर आपोआप लावतात. आमच्या मते व्यग्र साइटवर ते काढून टाकावं. मात्र बदल्यात साइटला स्वतःचा लिनक्स यूजर आणि स्वतःचा एफपीएम पूल द्या, फाइलींच्या परवानग्या घट्ट करा, जमल्यास कंटेनरमध्ये ठेवा. एका मशीनवर पन्नास अनोळखी गिऱ्हाइकांच्या साइट असतील तर हा सल्ला लागू नाही, तिथे सुरक्षितता आधी.

ओपन बेसडिर नसेल तर ‘ऑपकॅश’ (पीएचपीचा तयार कोड मेमरीत ठेवणारा) खरंच चालू आहे का बघा. कमांड लाइनवरची पीएचपी आणि एफपीएम यांच्या सेटिंग फाइली वेगळ्या असतात, एकीकडे बघून दुसरीकडचा निष्कर्ष काढू नका. ऑपकॅश मूळ सेटिंगमध्ये दर दोन सेकंदांनी फाइलीची वेळ तपासतो. ‘व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स’ शून्य केलं की ही तपासणीही थांबते, पण मग नवा कोड टाकल्यावर एफपीएम रीलोड करावाच लागतो. तो केला नाही की ‘बदल दिसतच नाहीत’ म्हणून फोन येतात. कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी सांभाळणारं साधन) वापरत असाल तर लाइव्ह सर्व्हरवर त्याचा ऑटोलोडर ऑप्टिमाइझ करून ठेवा, क्लास शोधताना होणारे फाइल-आहे-का असे कॉल त्याने जातात. अपाचे असेल तर ‘अलाउ ओव्हरराइड ऑल’ काढा. ते जिथे चालू असतं त्या पातळीपासून खालच्या प्रत्येक फोल्डरमध्ये दर रिक्वेस्टला डॉट-एचटीॲक्सेस ही नियमांची फाइल शोधली जाते, मग मागणी एका छोट्या आयकॉनची का असेना. त्यातले नियम मुख्य कॉन्फिगमध्ये हलवा.

याच कुळातला जुना आजार म्हणजे नसलेल्या फाइलींच्या नोंदी कर्नलच्या डेंट्री कॅशेत (फाइलींची नावं लक्षात ठेवण्याच्या जागेत) साठत जाणं. ‘स्लॅबटॉप -ओ -एस सी’मध्ये ‘डेंट्री’ काही गिगाबाइट दिसली तर समजा. सेंटओएस ६ आणि ७ वर कर्ल (दुसऱ्या सर्व्हरला कॉल करणारं साधन) एनएसएस या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालायचं. ती लायब्ररी प्रत्येक एचटीटीपीएस कॉलला मुद्दाम न असलेल्या फाइली शोधून डिस्कचा वेग आजमावायची. पेमेंट गेटवे किंवा एसएमएसला सतत कॉल करणारे सर्व्हर त्याने भरून जायचे. असली मशीनं अजून चालू आहेत. त्यांवर ‘एनएसएस एसडीबी यूज कॅशे’ हा एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल ‘येस’ केला की ते थांबतं. ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये २ टाकून जागा मोकळी होते खरी, पण ती तात्पुरती, आणि भरलेल्या कॅशेवर ती कमांड चालताना मशीन काही क्षण गोठू शकतं. भर गर्दीत नको.

दुसरं मोठं घराणं कनेक्शनचं. पीएचपी प्रत्येक रिक्वेस्टला रेडिस किंवा मायएसक्यूएल या डेटा ठेवणाऱ्या सेवांशी नवं कनेक्शन उघडून बंद करते. जी बाजू आधी बंद करते तिच्याकडे ते कनेक्शन ६० सेकंद ‘टाइम-वेट’मध्ये (उशिरा येणाऱ्या पॅकेटसाठी थांबण्याच्या अवस्थेत) पडून राहतं. हे ६० सेकंद लिनक्सच्या कोडमध्येच पक्के आहेत. ‘टीसीपी फिन टाइमआउट’ कमी केल्याने ते कमी होतात हा गैरसमज फार पसरलाय, त्या सेटिंगचा टाइम-वेटशी संबंध नाही. बाहेर जाण्यासाठी मूळ पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टकडे जायचं तर सेकंदाला सरासरी ४७० नवी कनेक्शन झाली की पोर्ट संपले आणि ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ ही चूक येते.

‘एसवाय’ मात्र त्याच्या बराच आधी चढतो. पोर्ट निवडताना कर्नल कनेक्टसाठी आधी एकाआड एक असे अर्धेच पोर्ट चाचपतो. ते साधारण १४ हजार भरले की प्रत्येक नव्या कनेक्टला आधी त्या अर्ध्या यादीतून रिकाम्या हाताने जावं लागतं, मग उरलेल्या अर्ध्याकडे. परफमध्ये ‘इनेट हॅश कनेक्ट’ आणि ‘इनेट चेक एस्टॅब्लिश्ड’ वर आले तर हेच चाललंय. ‘एसएस -एस’ने टाइम-वेटचा एकूण आकडा बघा, मग ‘एसएस -टॅन’ची यादी दूरच्या पत्त्यानुसार मोजा. एकाच पत्त्यावर दहा-पंधरा हजार दिसले की गुन्हेगार सापडला.

कायमचा उपाय म्हणजे कनेक्शन टिकवणं: पीएचपीत पर्सिस्टंट कनेक्शन, एनजिनएक्सकडून मागच्या सर्व्हरकडे जाताना अपस्ट्रीममध्ये ‘कीपअलाइव्ह’, सोबत एचटीटीपी १.१ आणि ‘कनेक्शन’ हेडर रिकामा. सेवा त्याच मशीनवर असेल तर सरळ युनिक्स सॉकेट, पोर्टचा विषयच मिटतो. पर्सिस्टंट करताना एफपीएमच्या सगळ्या मशीनवरचे वर्कर मिळून डेटाबेसच्या कमाल कनेक्शनपेक्षा कमी आहेत ना, एवढं मोजा. तातडीचा उतारा हवा असेल तर पोर्टची मर्यादा वाढवा आणि ‘टीसीपी टीडब्ल्यू रीयूज’ १ करा. नव्या कर्नलमध्ये तो मुळात २ असतो, म्हणजे फक्त लूपबॅकपुरता (त्याच मशीनच्या आतल्या कनेक्शनपुरता). रेडिस दुसऱ्या मशीनवर असेल तर त्या २चा उपयोग नाही.

आणि ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ असं कुठल्या यादीत दिसलं तर ती यादीच टाकून द्या. ४.१२ कर्नलमध्ये हे सेटिंग काढून टाकलं आहे. जुन्या कर्नलवर ते लावलं की एकाच पब्लिक आयपीमागून येणाऱ्यांपैकी काहींची कनेक्शन मुकाट्याने टाकली जातात. आपल्याकडचे बहुतेक मोबाईल ग्राहक कंपनीच्या सामाईक नॅटमागूनच (अनेकांना एकच पब्लिक आयपी देणाऱ्या सोयीमागूनच) येतात. निफाडच्या एका शेतकऱ्याला भाव दिसतो आणि शेजारच्याला नाही, असली तक्रार आली आणि सर्व्हर जुना असेल तर आधी हे तपासा.

‘सॉफ्ट’ जास्त असेल तर बघण्याची जागा वेगळी. एकाच कोअरवर ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’ (सॉफ्टइंटरप्ट उरकणारी कर्नलची प्रोसेस) शंभर टक्के दिसत असेल तर सगळी पॅकेट एकाच रांगेत येतायत. ‘प्रॉक इंटरप्ट्स’मध्ये नेटवर्क कार्डाचे आकडे कुठल्या स्तंभात वाढतायत ते बघा. ‘इथटूल’ला छोटा ‘एल’ पर्याय देऊन कार्डाला किती रांगा जमतात आणि किती चालू आहेत ते कळतं, कॅपिटल ‘एल’ने त्या वाढवता येतात. कार्डाला एकच रांग असेल तर ‘आरपीएस’ (पॅकेटचं काम कोअरमध्ये वाटून देणारी कर्नलची सोय) वापरा: रांगेच्या ‘आरपीएस सीपीयूज’ फाइलमध्ये चार कोअरसाठी ‘एफ’, आठसाठी ‘एफएफ’. ‘प्रॉक नेट सॉफ्टनेट स्टॅट’मधला दुसरा स्तंभ टाकून दिलेली पॅकेट दाखवतो, तिसरा वेळ अपुरा पडल्याचा. दोन्ही हेक्साडेसिमलमध्ये असतात. दुसरा वाढत नसेल तर घाई नाही.

रांगा नीट असूनही ‘सॉफ्ट’ जास्त आणि परफमध्ये ‘आयपीटी डू टेबल’ वर असेल तर फायरवॉल बघा. हल्ले करणाऱ्या आयपी अडवता अडवता दोन-तीन हजार नियम एकाखाली एक साचलेले असतात आणि आयपीटेबल्स ते ओळीनेच तपासतो. नाशिकच्या द्वारका चौकात प्रत्येक गाडीला दोन हजार हवालदारांनी एकेक करून नंबर विचारावा, तसला तो प्रकार. सगळे पत्ते एका ‘आयपीसेट’मध्ये घालून एकच नियम ठेवा, त्यातला शोध हॅशवर होतो. जुळलेल्या कनेक्शनना परवानगी देणारा ‘एस्टॅब्लिश्ड’चा नियम सगळ्यात वर हवा. मोबाईल नेटवर्कचे आयपी कायमचे अडवू नका, एका पत्त्यामागे आख्खं गाव असू शकतं. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘कॉनट्रॅक टेबल फुल’, म्हणजे कनेक्शनची नोंदवही भरली, असं दिसलं तर कमाल आकडा वाढवताना हॅशच्या बकेटही त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर साखळ्या लांबतात आणि शोध महागतो.

मेमरीचा प्रकार लवकर ओळखू येतो. ‘टॉप’मध्ये ‘केस्वॉपडी’ (मेमरी मोकळी करणारी कर्नलची प्रोसेस) वर असतो, किंवा परफमध्ये ‘कॉम्पॅक्ट झोन’ आणि ‘आयसोलेट फ्रीपेजेस ब्लॉक’ असतात. पहिल्यात मेमरी खरंच कमी आहे: एफपीएमचे ‘मॅक्स चिल्ड्रन’ गुणिले एका वर्करची मेमरी, त्यात डेटाबेसचा बफर मिळवा आणि रॅमशी ताडून बघा. दुसऱ्यात कर्नल ट्रान्सपरंट ह्यूज पेजसाठी (मेमरीच्या मोठ्या तुकड्यांसाठी) सलग जागा गोळा करत बसलाय. ‘प्रॉक व्हीएमस्टॅट’मधला ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’ झपाट्याने वाढत असेल तर ह्यूज पेजच्या ‘एनेबल्ड’ आणि ‘डीफ्रॅग’ या दोन्ही फाइलींत ‘ऑल्वेज’च्या जागी ‘एमॲडव्हाइज’ लिहा. रीस्टार्ट लागत नाही, पण बूटनंतर ते टिकतही नाही, सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस करून ठेवा.

प्रोसेस जन्माला घालणंही महाग असतं. थंबनेलसाठी प्रत्येक अपलोडला शेल उघडून ‘कन्व्हर्ट’ चालवणारा कोड ‘टॉप’मध्ये दिसत नाही, कारण प्रोसेस पापणी लवायच्या आत संपते. ‘सार -डब्ल्यू १’मध्ये सेकंदाला शेकड्यांनी नव्या प्रोसेस दिसल्या तर बीसीसी या कर्नल-निरीक्षणाच्या साधनसंचातला ‘एक्झेकस्नूप’ चालवा, नावं समोर येतील. एफपीएमचा ‘मॅक्स रिक्वेस्ट्स’ (किती रिक्वेस्टनंतर वर्कर संपवून नवा काढायचा) कुणी ५०वर ठेवला असेल तरी हेच होतं.

दोन गोष्टी क्वचित घडतात, पण घडल्या की सगळ्या तर्कांना चकवतात. एक घड्याळ. कर्नलने टीएससीवरचा (प्रोसेसरमधल्या वेगवान घड्याळावरचा) भरवसा सोडला की तो एचपीईटी किंवा एसीपीआयच्या घड्याळावर जातो. मग वेळ विचारणारा प्रत्येक कॉल, जो एरवी कर्नलमध्ये न शिरताच उरकतो, खरा सिस्टीम कॉल होतो. परफमध्ये ‘रीड एचपीईटी’ दिसेल, ‘डीमेसेज’मध्ये टीएससी अस्थिर ठरवल्याची ओळ. ‘करंट क्लॉकसोर्स’ ही फाइल वाचायला दोन सेकंद लागतात, वाचाच. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला, आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, जावा आणि मायएसक्यूएलच्या मशीनं जगभर अशीच तापली होती. तो कर्नलच्या टायमरमधला दोष होता आणि ‘डेट’ कमांडने आहे तीच वेळ पुन्हा बसवली की मशीन शांत व्हायचं.

दुसरी गोष्ट ऑडिट, म्हणजे सिस्टीम कॉलची नोंद ठेवणारी कर्नलची सोय. ‘ऑडिटसीटीएल -एल’ करून बघा. सुरक्षा तपासणीच्या कागदासाठी कुणी प्रत्येक ‘ओपन’ आणि ‘कनेक्ट’ नोंदवण्याचे नियम घातलेले असतात, आणि सिस्टीम कॉल जितके जास्त तितका त्यांचा भार जास्त. नियम सरसकट उडवू नका. वेब सर्व्हरचा यूजर वगळा आणि तपासणी करणाऱ्यांना ते लेखी कळवा.

बदल एका वेळी एकच करा आणि आधी-नंतरचं परफ जपून ठेवा. ‘सिसस्टॅट’ (‘सार’ ज्या पॅकेजमधून येतो ते) मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी नोंद घेतो. लिलावाच्या वेळची पाच मिनिटांची उसळी त्यात विरून जाते, म्हणून तो एका मिनिटावर आणा. डेबियन-उबुंटूवर ‘एटसी डिफॉल्ट सिसस्टॅट’मध्ये ‘एनेबल्ड’ ‘ट्रू’ आहे का तेही बघा, नाहीतर सार उघडाल तेव्हा आत काहीच नसेल.